खासगी व सरकारी : एका दप्तराची हकीकत

तंजावराहून कुंभकोणमकडे निघालेली आगगाडी वाटेत पापनाशम येथे थांबते. तंजावरापासून हे गाव साधारण २५ किलोमीटर, कुंभकोणमपासून १५. भोवती कावेरीच्या फाट्यांवर भिजणारी भातशेती. कुरुवै, सांबा व ताळडी या तीन हंगामांनी येथले वर्ष मोजले जाते. गावालगत तिरुपालैतुरै येथे शिवालय आहे आणि त्या शिवालयाच्या आवारात एक प्रचंड, निमुळत्या माथ्याचे विटांचे कोठार उभे आहे. नायक राजांच्या अमदानीत, १६०० ते १६३४ या काळात ते बांधले गेले आणि त्यात ३००० कलम धान्य मावे, असे सांगतात. नायक गेले, भोसले आले, भोसले गेले, कंपनी आली, कंपनीही गेली. कोठार मात्र जागच्या जागी आहे.

सरकारी नोकरीत बदली होऊन आम्ही या गावी आलो तेव्हा बृहन्महाराष्ट्रातल्या कोणाही मराठी माणसास जी पहिली चिंता पडते तीच आम्हांस पडली होती : घरी बोलावयाचे ते बोलू, पण दारी कोणाशी बोलावे? ती चिंता आठवड्यात फिटली. ज्यांच्या माडीवर आम्ही बिऱ्हाड केले ते कुटुंब तंजावरी मराठी निघाले. त्यांची मराठी आमच्या कानास प्रथम नवखी वाटली; तिच्यात तमिळ शब्द तर होतेच, परंतु आम्ही पुस्तकातच वाचलेली जुनी रूपेही होती. घरातले वृद्ध आजोबा निवृत्त शिक्षक. त्यांच्यापाशी एक लाकडी पेटी होती व त्या पेटीत घराण्याचे मोडी कागद होते. कोणास किती भात दिले, कोणाच्या लग्नात काय आहेर केला, कोणी किती उसने नेले व केव्हा फेडले, असा सगळा संसाराचा मजकूर. राजकारण त्यात नाही. तरी दोनशेच्या वर असलेले हे कागद वाचून, बालबोधात उतरवून, शेजारी तमिळ अर्थ लिहून आजोबांनी गेली दहा-अकरा वर्षे काढली होती. आणि हे सर्व त्यांनी केले होते ते नातीस शाळेत फुकट मिळालेल्या एका लॅपटॉपवर.

तो लॅपटॉप आता जरेस आला होता. यंत्र चाले, परंतु त्या यंत्रावर राज्य करणारी ऑपरेटिंग सिस्टीम इतकी जुनी झाली होती की नवा छपाईयंत्र तिला ओळखू येईना, सुरक्षेच्या दुरुस्त्या केव्हाच थांबलेल्या, आणि इंटरनेटवरील निम्मी पाने उघडत नसत. प्रणाली बदलणे प्राप्त होते. परंतु आजोबा भीत होते. एकदा दुरुस्तीसाठी दिलेल्या यंत्रातून दुकानदाराने 'सर्व स्वच्छ करून' परत दिले होते व त्यात दोन महिन्यांचे काम गेले होते. आम्हांस ते म्हणाले, "राज्य बदलू द्या हो, पण पेटीस हात लागता कामा नये."

या एका वाक्यात संगणकशास्त्रातला एक मोठा प्रश्न आणि तंजावरच्या इतिहासातला एक मोठा प्रश्न, असे दोन्ही सामावलेले आहेत, हे आम्हांस पुढे उमगले. म्हणूनच ही हकीकत वाचकांपुढे मांडीत आहोत.

२

प्रथम तंजावराकडे पाहू. सरफोजी राजे दुसरे (१७७७–१८३२) १७९८ मध्ये गादीवर बसले आणि लगेच पुढल्या वर्षी, १७९९ मध्ये, इंग्रजांशी झालेल्या तहाने त्यांच्या हातून राज्याचा कारभार गेला. मुलूख, महसूल, न्याय हे सारे कंपनीकडे; राजांकडे तंजावरचा किल्ला, वार्षिक नेमणूक आणि महसुलाचा ठरलेला हिस्सा. सत्ता गेलेल्या त्या राजाने उरलेल्या जागेत काय केले, हे सर्वश्रुत आहे. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी वाढवले. देशोदेशीची पुस्तके आणविली. १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले वंशाचा इतिहास मराठीत दगडावर कोरविला. १८०५ च्या सुमारास देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला, आणि त्यातून १८०६ मध्ये इसापाच्या गोष्टींचे मराठी रूप 'बालबोध मुक्तावली' बाहेर पडले. मुंबई-पुण्याकडे मराठी छपाई रुजण्यापूर्वीची ही गोष्ट आहे.

परंतु या सर्व वैभवाखाली एक दोष दडलेला होता. राजांच्या हातातील वस्तूंपैकी सरकारी किती व खासगी किती, याची वाटणी कोणी केली नव्हती. राज्य चालू असेतो तशी गरजही भासली नाही. पण २९ ऑक्टोबर १८५५ रोजी सरफोजींचे पुत्र शिवाजी राजे पुरुषसंतान न ठेवता वारले, कंपनीने राज्य खालसा केले, आणि मग राज्यासोबत वाड्यातील चीजवस्तू, जडजवाहीर, ग्रंथ, सारेच जप्त झाले. कंपनीचे म्हणणे असे की राजा हा राजाच. त्याचे खासगी असे निराळे काय असणार? राणी कामाक्षीबाई यांनी दावा लावला. मद्रासच्या सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. परंतु १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. ही जप्ती राज्यकर्त्याने राज्यकर्ता या नात्याने केलेली कृती आहे, तिच्यातील न्यायान्याय पाहणे न्यायालयाच्या कक्षेत येत नाही, असा त्या निकालाचा आशय. कायद्याच्या विद्यार्थ्यांस तो आजही शिकावा लागतो. पुढे १८६२ मध्ये सरकारने आपण होऊन खासगी मालमत्ता राण्यांस परत दिली. ग्रंथालय वाचले, भोसले कुटुंबीयांनी पुढे त्यावरील हक्क सोडला, आणि १९१८ मध्ये ते सार्वजनिक झाले.

इतिहासकार या प्रकरणात कंपनीची लोभी वृत्ती पाहतात व ते बरोबरच आहे. आम्ही पडलो कारकून. आमच्या नजरेस त्यात दप्तराचा एक धडा दिसतो. सत्ता बदलते तेव्हा नवा अधिकारी त्याच्या हाती आलेल्या जागेतील सर्वच वस्तू आपल्या समजतो. ज्याची वाटणी आधी झालेली नाही, तिचा निवाडा नंतर परक्याच्या मर्जीवर राहतो. तंजावरच्या बाबतीत ती मर्जी सात वर्षांनी वळली, एवढेच. ती वळली नसती तर सरस्वती महाल आज कोठे असता, याचा विचारही नकोसा वाटतो.

३

आता संगणकाकडे वळू. संगणकातील हार्ड डिस्क म्हणजे मूळची एक सलग मोकळी जागा. तिचे भाग पाडले तर प्रत्येक भागास पार्टिशन म्हणतात. आम्ही त्यास दालन म्हणू. एका दालनात प्रणाली, म्हणजे यंत्राचे सरकार, आणि दुसऱ्यात वापरणाऱ्याचे कागदपत्र, म्हणजे त्याची खासगी, अशी मांडणी असली की सरकार बदलताना केवळ पहिले दालन पुसावे लागते. ऐकावयास हे इतके सोपे आहे की संगणक जन्मला त्याच दिवशी ते कोणास सुचले असावे असे वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही. ही वाटणी बरीचशी अडचणीतून आणि थोडीशी अपघातातून जन्मास आली.

१९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची हे युनिक्स प्रणाली रचीत होते. त्यांच्या यंत्रावरील डिस्का आजच्या मानाने अत्यंत लहान. एका डिस्केवर प्रणाली आणि दुसरीवर वापरकर्त्यांचे कागद अशी त्यांची मांडणी होती, आणि त्या दुसऱ्या जागेचे नाव 'वापरकर्ता' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे लघुरूप होते. पुढे प्रणाली फुगली, पहिल्या डिस्केत मावेना, आणि तिची आज्ञावली वापरकर्त्यांच्या जागेत सांडू लागली. सरकारी दप्तर खासगी वाड्यात शिरले! अखेर वापरकर्त्यांचीच घरे तेथून हलवावी लागली. आज युनिक्स व लिनक्सच्या वंशातील प्रणालींत वापरकर्त्यांची जागा 'होम' या नावाने निराळी असते. आणि त्या जुन्या जागेत केवळ प्रणालीच असूनही तिला वापरकर्त्यांचे नाव अद्याप चिकटलेले आहे. राणीचा महाल कचेरी झाला तरी लोक त्यास राणीमहालच म्हणतात, तसे.

घरगुती संगणकात दालने आली ती १९८३ मध्ये. आयबीएमच्या एक्सटी या यंत्रात १० मेगाबाइटची डिस्क होती आणि तिच्यासोबत आलेल्या डॉसच्या २.० आवृत्तीत डिस्क विभागण्याची सोय होती. डिस्केच्या अगदी पहिल्या घरात एक लहानसा तक्ता ठेवीत; त्यात चारच नोंदी मावत. हेतू असा की एकाच यंत्रावर भिन्न प्रणाली आपापल्या दालनात नांदाव्यात. १९८७ च्या ३.३ आवृत्तीत चारांपैकी एका दालनाच्या पोटात आणखी खोल्या पाडण्याची युक्ती निघाली. आपल्याकडील दुकानदार यंत्र विकताना 'सी' आणि 'डी' असे दोन भाग पाडून देत, ती याच रचनेची परंपरा.

या इतिहासातला सर्वांत मनोरंजक प्रसंग हेलसिंकीचा आहे. १९९१ च्या जानेवारीत लायनस टॉरवल्ड्‌स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने नवा संगणक घेतला व त्यावर प्राध्यापक टानेनबाउम यांची मिनिक्स ही शिकवण्याकरिता केलेली प्रणाली बसवली. त्याच यंत्रावर तो स्वतःची प्रणाली लिहीत होता. ती मिनिक्सच्या आधारानेच वाढत होती. मिनिक्स नसते तर तिचा निभाव लागला नसता. एके दिवशी मोडेमकरवी विद्यापीठाच्या संगणकास दूरध्वनी लावण्याची आज्ञा त्याने चुकून मोडेमऐवजी डिस्केच्या दिशेने सोडली. मिनिक्सच्या दालनातील महत्त्वाचा भाग त्या आज्ञेच्या अक्षरांनी पुसला गेला. मिनिक्स पुन्हा बसवावे की स्वतःच्या अर्ध्याकच्च्या प्रणालीवरच राहावे, हा प्रश्न आला, आणि त्याने दुसरा मार्ग धरला. ती प्रणाली म्हणजे लिनक्स. एक दालन जळाले तेव्हा दुसऱ्यात नवे राज्य उभे होते, म्हणून सगळे बुडाले नाही.

लिनक्सपासून आपल्या पापनाशमपर्यंत धागा येतो तो असा. लिनक्सवर आधारलेली 'डेबियन' ही प्रणाली १९९३ मध्ये निघाली. डेबियनच्या पायावर आपल्या सी-डॅक संस्थेच्या चेन्नई केंद्राने 'भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्यूशन्स', म्हणजे 'बॉस', ही प्रणाली रचली व २००७ मध्ये तिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्या पुढील आवृत्त्यांस 'अनोखा', 'अनूप' अशी नावे आहेत. तमिळनाडूत शासनाच्या 'एल्कॉट' महामंडळाने त्याच सुमारास आपल्या कचेरीत लिनक्स स्वीकारले होते. १५ सप्टेंबर २०११ रोजी विद्यार्थ्यांस विनामूल्य लॅपटॉप देण्याची योजना सुरू झाली, आणि पहिल्या खेपांतील यंत्रांत विंडोज व बॉस अशा दोन प्रणाली निरनिराळ्या दालनांत बसविलेल्या होत्या. यंत्र सुरू होताना कोणत्या राज्यात जावयाचे ते विचारले जाई. खेड्यापाड्यांतील लाखो मुलांच्या हाती अशी दुदालनी यंत्रे आली, याचे महत्त्व त्या वेळी फारसे कोणी ओळखले नाही. बहुतेकांनी विंडोजच वापरले. आमच्या घरमालकांच्या घरीही नात विंडोजमध्ये आणि आजोबा बॉसमध्ये, असे दोन संसार एका यंत्रात वर्षानुवर्षे चालले होते.

प्रणालीचे आयुष्य संपते ही गोष्ट लोकांस कळली ती ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज एक्सपीचा पाठिंबा थांबला तेव्हा. पुढे १४ जानेवारी २०२० रोजी विंडोज ७ ची आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची तीच गत झाली. यंत्रे धडधाकट असतात, केवळ त्यांचे सरकार बरखास्त होते. अशा वेळी यंत्र फेकण्यापेक्षा सरकार बदलणे शहाणपणाचे. आणि ज्याने दालने आधी केली, त्यास ते सुखाने करता येते.

४

आम्ही आजोबांचे यंत्र उघडून पाहिले तेव्हा दुकानदाराने केलेली करणी ध्यानात आली. विंडोजचे मोठे दालन होते; बॉसचे एकच दालन होते, व त्याच्याच पोटात आजोबांचे 'होम'. अर्थात खासगी आणि सरकारी यांची वाटणी नव्हती. हीच ती १८५५ ची स्थिती. बॉसचे दालन पुसून नवी आवृत्ती घातली असती तर सारी चीजवस्तू जप्त झाली असती, आणि या दाव्यात अपील नसते.

येथे वाचकांस एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे, कारण पुष्कळांची फसगत होते ती येथेच. 'सी' प्रणालीसाठी आणि 'डी' आपल्या कागदांसाठी, असे मानून लोक निर्धास्त असतात. परंतु विंडोजमधील 'डेस्कटॉप' आणि 'डॉक्युमेंट्स' या जागा, मुद्दाम हलविल्या नसतील तर, 'सी' मध्येच असतात. डोळ्यांसमोर ठेवलेली वस्तू सर्वांत सुरक्षित, असे मनास वाटते. वस्तुतः ती सरकारी आवारात ठेवलेली असते.

आम्ही योजना केली ती अशी. नात आता कुंभकोणमला महाविद्यालयात जात होती व तिचे यंत्र निराळे होते. विंडोजचे दालन रिकामेच पडले होते. ते आक्रसून मोकळी जागा काढावयाची; त्या जागेत दोन नवी दालने करावयाची, एक ३० जीबीचे नव्या प्रणालीसाठी व दुसरे केवळ 'होम'साठी; आणि जुन्या प्रणालीचे दालन मुळीच न मोडता तसेच ठेवावयाचे. नवे राज्य स्थिरावेपर्यंत जुन्याचा वाडा पाडू नये.

दालन आक्रसणे हे या सर्वांत जोखमीचे काम. त्यात डिस्केवरील मजकूर एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवला जातो. मध्येच वीज गेली तर अर्धा मजकूर इकडे, अर्धा तिकडे. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच निकामी झाली होती आणि ते पावसाचे दिवस होते. म्हणून प्रथम सर्व कागदांची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली व ती पेटीतच, मूळ मोडी कागदांशेजारी, ठेवली. आजोबांना ते फार आवडले. दालने निराळी असली तरी डिस्क एकच असते. ती बिघडली तर सर्व दालने एकदम जातात. वाटणी म्हणजे प्रत नव्हे, हे वाक्य प्रत्येक घरात लिहून ठेवण्याजोगे आहे. मग एका रविवारी शेजारच्यांकडील इन्व्हर्टरची तार ओढून काम सुरू केले. सुमारे दोन तास आजोबा खुर्ची सोडून उठले नाहीत.

आक्रसणे निर्विघ्न पार पडले. 'होम'च्या नव्या दालनात कागदांची नक्कल केली. नवी बॉस बसविताना बसविणारी आज्ञावली प्रत्येक दालनाबद्दल दोन प्रश्न विचारते : हे कोणत्या कामास वापरावे, आणि ते पुसावे काय? नव्या प्रणालीच्या दालनास 'पुसा', आणि 'होम'च्या दालनास 'पुसू नका'. या एका खुणेवर सारे अवलंबून असते. सरकारी पत्रावर सही करण्यापूर्वी आम्ही जितक्या वेळा वाचीत नाही तितक्या वेळा तो तक्ता आम्ही वाचला.

यंत्र पुन्हा सुरू झाले. दारावर आता तीन नावे उभी होती : नवी बॉस, जुनी बॉस, विंडोज. नव्यात शिरलो, आजोबांचे नाव व परवलीचा शब्द दिला, आणि पडद्यावर नकार आला. त्यांची फाइलींची थैली दिसत होती, उघडत नव्हती. आजोबांचा चेहरा पाहवेना. दोष आमचाच होता, आणि तोही कारकुनास न शोभणारा. लिनक्स माणसास नावाने ओळखत नाही, क्रमांकाने ओळखते. जुन्या प्रणालीत पहिले खाते नातीचे, क्रमांक १०००. दुसरे आजोबांचे, क्रमांक १००१. नव्या प्रणालीत आम्ही पहिलेच खाते आजोबांचे काढले, म्हणून त्यांस १००० हा क्रमांक मिळाला, आणि कागदांवर मालक म्हणून १००१ कोरलेला! मालक दाराशी उभा, पण सातबारा दुसऱ्याच्या नावे. कागदांवरील मालकीची नोंद बदलण्याची एक आज्ञा आहे. ती दिली आणि थैली उघडली.

संकट संपले असे वाटले, तोच दुसरे उभे राहिले. आजोबांचे अलीकडील सर्व लेख व्यवस्थित दिसत होते. परंतु अगदी आरंभीचे चाळीसएक कागद उघडले की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे! कारण ते त्यांनी युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टात टंकले होते. अशा फॉन्टात संगणकास 'क' हे अक्षर ठाऊकच नसते. तो भलतेच इंग्रजी चिन्ह साठवतो आणि फॉन्ट त्यावर 'क'चा मुखवटा चढवतो. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. आणि तो फॉन्ट बसविलेला होता प्रणालीच्या दालनात, खासगीत नव्हे.

येथे जुने दालन न पुसल्याचे चीज झाले. नव्या प्रणालीतूनच जुन्या दालनाचे दार उघडले, फॉन्टची फाइल शोधली, आणि ती आजोबांच्या 'होम'मध्येच अशा जागी ठेवली की पुढील राज्यबदलातही ती त्यांच्यासोबत राहील. क्षणात चाळीस कागद बोलू लागले. ते युनिकोडमध्ये उतरविण्याचे काम आजोबांनी दुसऱ्याच दिवशी आरंभले.

५

मोठमोठ्या कंपन्यांनी जी रीत पुढे स्वीकारली ती तत्त्वतः हीच. गुगलच्या क्रोमबुकांत आरंभापासून प्रणालीची दोन दालने असतात आणि वापरकर्त्याचे कागद तिसऱ्यात. चालू प्रणाली एका दालनात काम करीत असता नवी आवृत्ती निमूटपणे दुसऱ्यात बसते, आणि यंत्र पुन्हा सुरू करताना राज्यसूत्रे तिच्याकडे जातात. नवी न चालली तर जुनी परत येते. अँड्रॉइडमध्ये हीच सोय २०१६ च्या ७.० आवृत्तीपासून आली. ज्या वाचकांनी दालन हा शब्द आज प्रथम ऐकला, त्यांपैकी कित्येकांच्या खिशातला फोन रात्री झोपेत असेच राज्य बदलून घेतो.

तथापि आमच्या मनात घोळत राहिले ते दुसरे संकट. पहिले संकट मालकीचे होते. तंजावरच्या राण्यांवर आलेले ते हेच, आणि वाटणीने व नोंदीने त्याचा परिहार होतो. दुसरे अधिक खोल आहे. कागद सुरक्षित, मालकी सिद्ध, तरीही वाचता येत नाही. कारण वाचण्याची विद्या जुन्या राज्यासोबत मागे राहिली. सरस्वती महालातील मोडी रुमालांची कथा याहून निराळी आहे काय? जप्तीतून ते वाचले, सार्वजनिक झाले. पण दरम्यान मोडी शाळेतून गेली, तंजावरी मराठी घरांतून लिहिती मराठीच ओसरली, आणि रुमाल बांधलेले राहिले. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यांतील निवडक कागदांचे तमिळ भाषांतर करवून खंडशः छापले, हे त्या विद्यापीठाचे मराठीवरील ऋणच आहे. २०१४ मध्ये मोडी लिपीस युनिकोडमध्ये स्वतःचे स्थान मिळाले. आता मोडी अक्षर कोणत्याही यंत्रात मोडी अक्षर म्हणूनच साठवता येते, मुखवट्यावाचून. परंतु ते वाचणारा डोळा कोणत्याही प्रणालीसोबत बसवून मिळत नाही. तो घरातच घडवावा लागतो.

आमच्यासारख्या बदलीच्या नोकरीतल्या माणसास हे कोठेही लागू आहे. गाव बदलते, भाषा बदलते, घराचे दार बदलते. मुलांच्या शाळेचे, बाजाराचे, कचेरीचे सरकार प्रत्येक ठिकाणी निराळे असते, आणि ते तसे असावयाचेच. त्याच्याशी भांडण कसले? प्रश्न इतकाच की ट्रंकेत काय नेतो, आणि ते वाचण्याची किल्ली ट्रंकेतच ठेवतो की मागच्या गावी विसरतो.

परवा आम्ही तिरुपालैतुरैच्या कोठाराशी उभे होतो. सोबत आजोबा आणि सुट्टीस आलेली नात. बियाण्याचे भात खाण्याच्या भातात कधी मिसळू देत नाहीत, हे येथल्या कोणाही शेतकऱ्यास सांगावे लागत नाही, असे आजोबा म्हणाले. नातीने विचारले, "पण तात्या, बियाणे नुसते वेगळे ठेवून काय होते? पेरावे नाही का लागत?" आजोबा हसले. त्याच संध्याकाळी पेटीतला एक कागद त्यांनी तिच्यापुढे ठेवला व पहिल्या ओळीतले पहिले मोडी अक्षर बोटाने गिरवून दाखविले. तिला ते लागले नाही. दुसरे लागले.